चऱ्होली झुंजारचे मालक कोण?

मी एका कबड्डी संघाचा मालक आहे. हे वाक्य मी आत्तापर्यंत बऱ्याच जणांना ऐकवलं आहे आणि ऐकणाऱ्यानं ते पहिल्या फटक्यात मान्य केलं, असं फक्त एकदा घडलं. तो माणूस पोलीस होता.

तसा मला मालक होण्याचा काहीच अनुभव नव्हता. पिंपळे सौदागरच्या ज्या फ्लॅटमध्ये मी राहतो तो निम्मा बँकेचा आहे आणि उरलेल्या निम्म्यात कुठली वस्तू कुठे ठेवायची हे तनुजा, म्हणजे माझी बायको, ठरवते. चाकणच्या ज्या कंपनीत मी क्वालिटी बघतो तिचे मालक दुसऱ्या खंडात राहतात. अधूनमधून येतात, गेटपाशी एक झाड लावतात आणि परत जातात. ते झाड जगतं की नाही हे बघणंही आमच्या क्वालिटी खात्याकडेच असतं. अशा माणसाला कुणी येऊन 'मालक होता का?' असं विचारलं, तर त्याचं डोकं ठिकाणावर राहील कसं?

विचारलं धनेशनं. धनेश आमच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रे दाबून सुटे भाग काढतात त्या विभागात, ऑपरेटर आहे. मूळचा औशाकडचा, आईला घेऊन चाकणलाच मेदनकरवाडीत खोली करून राहतो. शिफ्ट सुटली की चऱ्होलीला कबड्डी खेळायला जातो. चढाईला निघाला की समोरचे सात जण एकमेकांच्या मागे लपायला बघतात, असं त्याच्याबद्दल बोललं जायचं. एक दिवस तो डबा खायच्या वेळेला माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"सर, आमच्या टीमचा मालक पळून गेला."

"म्हणजे?"

"म्हणजे रुसला. लीगच्या बॅनरवर क्रेनवाल्यांचा फोटो त्याच्यापेक्षा मोठा आला म्हणून. आता मालक नसला तर टीम बाद. तुम्ही होता का?"

मी त्याच संध्याकाळी चऱ्होलीला सयाजीआण्णांना भेटायला गेलो. आण्णा गावचे जुने शेतकरी. शेतात इमारती उगवल्यापासून त्यांच्याकडे वेळच वेळ होता आणि त्या वेळातून त्यांनी ही कबड्डीची लीग काढली होती. आठ संघ, आठ मालक. कुणी बिल्डर, कुणी टँकरवाले, कुणी मंगल कार्यालयवाले. त्या यादीत 'क्वालिटी विभाग, पहिली शिफ्ट' असं बसतं का, याची मला शंका होती.

"आण्णा, मालक म्हणजे मला नक्की करायचं काय?"

"काय न्हाई. नाव द्यायचं. बाकी समदं आमी बघतो."

'बाकी समदं आमी बघतो' हे वाक्य ज्यांनी ज्यांनी आयुष्यात ऐकलं आहे, त्यांनी नंतर समदं स्वतःच बघितलेलं आहे. पण हे शहाणपण मला त्या वेळी नव्हतं. मी नाव दिलं.

घरी आल्यावर तनुजानं शांतपणे विचारलं, "तू शाळेत कबड्डी खेळायचास?"

"नाही."

"मग?"

"मालकाला खेळावं लागत नाही."

"बरं आहे," ती म्हणाली, "म्हणजे तिथेही बसूनच."

पहिली अडचण जर्सींची निघाली. आधीच्या मालकानं त्या छापून घेतल्या होत्या आणि प्रत्येक जर्सीच्या पाठीवर त्याचा हसरा फोटो होता. खाली मोठ्या अक्षरात 'आजच बुकिंग करा'. हा मनुष्य प्लॉटिंगच्या धंद्यात होता. नव्या जर्सी शिवून मिळेपर्यंत सामना होऊन गेला असता, म्हणून तनुजानं आणि आमच्या वरच्या मजल्यावरच्या सुमनताईंनी दोन दुपारी बसून त्या फोटोंवर निळ्या कापडाचे तुकडे टाचले. सराव सामन्यात पहिल्याच झटापटीत ते सुटले. पुढचा सगळा सामना सात पाठींवर सात प्लॉटिंगवाले हसत पळत होते आणि प्रेक्षकांतल्या एका गृहस्थानं मला गाठून विचारलं, "एनए झालेत का हो प्लॉट?"

ही बातमी सोसायटीत पसरली आणि सल्ले सुरू झाले. आमच्या सोसायटीत पाणी दोनदा येतं, सल्ले दिवसभर. समोरच्या विंगेतल्या आयटीवाल्यानं सांगितलं की आधी ॲप काढा. बँकेतून निवृत्त झालेल्या एकांनी सांगितलं की आधी ट्रस्ट काढा. एकांनी तर खेळाडूच बदला म्हटलं. सुमनताईंनी मात्र फार विचार केला. त्या निवृत्त शिक्षिका, त्यामुळे विचार करताना त्या समोरच्याला उभं ठेवतात.

"तुमच्या संघाला चेहरा नाही," त्या शेवटी म्हणाल्या.

"मी आहे ना."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. शाळेत गणित चुकलेल्या मुलाकडे बघावं तसं. "चेहरा म्हणजे, लोक तिकडे बघतील असा चेहरा. टँकरवाल्यांनी सिनेमातला माणूस आणलाय. आपण वर्षालीला बोलावू."

वर्षाली म्हणजे रोज संध्याकाळी टीव्हीवर थोरल्या जावेच्या दुधात काहीबाही कालवणारी धाकटी जाऊ. सुमनताई तिला मनापासून शिव्या देतात आणि एक भाग चुकवत नाहीत. त्यांची भाचेसून त्या मालिकेत रंगभूषा करते. "मेली आहे नीच," सुमनताई म्हणाल्या, "पण गर्दी खेचेल."

वर्षाली यायला तयार झाली. माझ्या कल्पनेनुसार ती येणार, नारळ फोडणार, हात हलवणार आणि जाणार. मालक मी, पाहुणी ती. इतकी साधी वाटणी होती.

पहिल्या सामन्याला मैदान खचाखच भरलं. आदल्या दिवशी त्याच मैदानावर कुत्रीसुद्धा मोजता आली असती. वर्षाली गाडीतून उतरली आणि निवेदकानं माइकमध्ये जी आरोळी ठोकली ती अजून माझ्या कानात आहे: "येत आहेत, चऱ्होली झुंजारच्या मालकीणबाई, वर्षाली मॅडम!"

मी धावत व्यासपीठावर चढलो आणि त्याच्या कानात म्हणालो, "मालक मी आहे. त्या पाहुण्या आहेत."

तो माइकवर हात ठेवून म्हणाला, "काका, जरा बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय."

दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला. 'अभिनेत्री वर्षाली आपल्या संघासमवेत.' संघ होता, वर्षाली होती आणि डाव्या कडेला एक कोपर होतं. ते माझं. तनुजानं तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि कोपराभोवती लाल गोल काढला. सासूबाईंनी लगेच विचारलं, 'जावईबापूंच्या हाताला काय झालं?'

त्या कोपरानं माझा पिच्छा सोडला नाही. आमचे प्लांट हेड, जे मला इतकी वर्षं 'ए, क्वालिटी' अशी हाक मारत होते, त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली आणि विचारलं, वर्षालीशी माझी ओळख कशी आणि त्यांच्या मिसेससाठी एक व्हिडिओ मिळेल का, नाव घेऊन? सोसायटीच्या गेटवर वॉचमननं मला थांबवून हळूच विचारलं, "साहेब, तुम्ही मॅडमच्या टीमला कामाला लागलात म्हणे. कंपनी सोडली का?" त्याच्या आवाजात इतकी कळकळ होती की मला त्याच्यावर चिडताही आलं नाही.

मी सयाजीआण्णांकडे तक्रार घेऊन गेलो. आण्णा ओट्यावर बसून तंबाखू मळत होते.

"आण्णा, तुमच्या बैलगाडा शर्यतीत गाडा पळाला की नाव कुणाचं पुकारतात?"

"मालकाचं. आन् मग बैलाचं."

"मग कबड्डीत माझं का पुकारत नाहीत?"

आण्णांनी माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "खरं सांगू का, राव? तुमी मालक दिसत न्हाई."

"मालक कसा दिसतो?"

"ते काय सांगता येत न्हाई. पर आदी त्या पिशवीतनं डबा भायेर आलाय, त्यो आत घाला."

मी डबा आत घातला. अपमान झाला होता, पण मुद्दा पटला होता. पुढच्या सामन्याला मी पांढरा शर्ट घातला, काळा चष्मा लावला आणि मालकांसाठीच्या सोफ्यावर बसायचं ठरवलं. आता मालकांच्या सोफ्यावर बसणाऱ्या इतर सात जणांना सामन्याआधी काय करावं लागत होतं मला माहीत नाही. मला मात्र पोरांसाठी उकडलेली अंडी आणि केळी न्यावी लागत होती, कारण 'बाकी समदं' या शब्दांत अंडी येत नाहीत असं आण्णांनी मला नंतर समजावलं होतं. त्यामुळे मी पांढरा शर्ट, काळा चष्मा आणि दोन्ही हातांत अंड्यांचे ट्रे असा गेटवर पोचलो.

"केटरिंगवाल्यांनी मागच्या गेटनं," गेटवरचा कार्यकर्ता म्हणाला.

"मी मालक आहे."

"व्हय, व्हय. तरी मागच्या गेटनं."

मी मागच्या गेटनं गेलो. अंडी वेळेवर पोचली. सामना आम्ही जिंकला. निवेदकानं मालकीणबाईंचं अभिनंदन केलं, आणि त्या दिवशी तर मालकीणबाई आल्याही नव्हत्या, मुंबईत शूटिंगला होत्या. म्हणजे न आलेली ती मालकीण आणि अंडी घेऊन आलेला मी केटरिंगवाला. नव्या जर्सीही त्याच आठवड्यात आल्या. पाठीवर वर्षालीचा फोटो होता. ऑर्डर मी दिली होती, पण शिंप्याच्या बायकोनं परस्पर 'सुधारणा' केली होती.

उपांत्य सामन्याच्या आदल्या दिवशी मैदानाशेजारची पाण्याची लाइन फुटली आणि मॅट अक्षरशः तरंगायला लागली. दुसरं मैदान हवं होतं. आण्णा म्हणाले, "घरच्या टीमच्या मालकानं मैदान बघायचं, असा नियम हाय."

"हा नियम केव्हा झाला?"

"आत्ता."

मैदानाच्या परवानग्या एका कार्यालयात मिळतात. कार्यालयाचं नाव सांगत नाही, कारण मला तिथे पुन्हा जावं लागणार आहे. खिडकीतल्या गृहस्थांनी वर न बघता विचारलं, "संघ?"

"चऱ्होली झुंजार."

ते वर बघायला लागले. "म्हणजे वर्षाली मॅडमचा?"

"नाही. माझा."

"तुम्ही त्यांचे मिस्टर?"

"नाही हो. मी मालक. त्या पाहुण्या."

गृहस्थांनी पेन खाली ठेवलं. "हे बघा, आमच्या घरी सगळे बघतात ती मालिका. संघ मॅडमचा आहे हे जगाला माहीत आहे. उद्या काही भानगड झाली तर मी अडकेन. मॅडमकडून लेखी आणा, की तुम्हाला त्यांच्या वतीनं अर्ज करायचा अधिकार दिलाय."

म्हणजे जिची मालकी नाही तिनं, ज्याची आहे त्याला, त्याच्याच वस्तूबद्दल परवानगी द्यायची. मी त्या गृहस्थांना हे तीन वेगवेगळ्या प्रकारे समजावून सांगितलं. तिन्ही वेळा ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. लेखी आणा." शेवटी मी जिन्यात उभा राहून वर्षालीला फोन लावला. तिकडून कुणीतरी 'लाइट्स' असं ओरडत होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, मी लिहू काय? 'माझा नसलेला संघ मी तुमचा तुम्हाला देते' असं?"

"तसंच काहीतरी लिहा. फक्त सही मोठी करा."

पाच मिनिटांत कागदाचा फोटो आला. मी तो छापून खिडकीत दिला. गृहस्थांनी सही डोळे भरून बघितली आणि शिक्का मारला. त्या कागदाची एक प्रत त्यांनी घरी नेण्यासाठी मागून घेतली.

उपांत्य सामना आम्ही जिंकला. धनेशनं शेवटच्या चढाईत तिघांना बाद केलं आणि पोरांनी जी मिरवणूक काढली ती डीजेसकट थेट एका नव्या टॉवरच्या गेटसमोरून नेली. मी तिथे नव्हतो. मी मैदान झाडून परत करत होतो, कारण परवानगीत तशी अट होती.

रविवारी सकाळी आमच्या दारात हवालदार उभे.

"चऱ्होली झुंजार कबड्डी संघाचे मालक ज्ञानेश टेंभेकर कोण?"

मला काय झालं ते सांगता येत नाही. इतके दिवस हे वाक्य ऐकायला माझे कान आसुसले होते. मी खुर्चीतून जवळजवळ उडी मारली आणि ओरडलो, "मी! मीच!"

हवालदार दचकले. लोक पोलिसांना इतक्या आनंदानं होकार देत नाहीत.

"तुमच्याविरुद्ध तक्रार आहे. आवाजाची. चौकीत यावं लागेल."

"येतो ना. जरा एकदा पुन्हा म्हणता का, मघाशी म्हणालात ते? मोठ्यानं."

"काय?"

"ते मालकाचं."

जिन्यात सुमनताई दूध घ्यायला उतरल्या होत्या आणि त्यांनी ते ऐकावं अशी माझी फार इच्छा होती. हवालदारांनी पुन्हा म्हटलं. सुमनताईंनी ऐकलं. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "म्हणजे खरंच हाच की काय!" आणि पोलिसांच्या गाडीत बसताना मी त्यांच्याकडे बघून किंचित मान झुकवली. आमच्या सोसायटीच्या इतिहासात पोलिसांच्या गाडीत बसताना कुणी इतकं समाधानी दिसलं नसेल.

समाधान चौकीच्या बाकड्यापर्यंत टिकलं. साहेब बाहेर गेले होते आणि ते येईपर्यंत मला मोबाइल चोरीच्या एका संशयिताशेजारी बसवलं. त्यानं मला विचारलं, "तुमचं काय?" मी सांगितलं, "कबड्डी." तो जरा सरकून बसला.

साहेब आले. मी म्हणालो, "साहेब, सगळीकडे मालकीण वर्षाली, आणि तक्रारीतच बरा माझा पत्ता सापडला?"

"त्या पाहुण्या आहेत हो," साहेब म्हणाले, "त्यांचा काय संबंध? जबाबदारी मालकाची. लिहा, पुन्हा असं होणार नाही."

ही इतकी स्वच्छ समज त्या कार्यालयाच्या खिडकीत कुठे गेली होती, असं विचारावंसं वाटलं. पण शेजारचा संशयित माझ्याकडे सहानुभूतीनं बघत होता, म्हणून मी मुकाट्यानं लिहून दिलं. बाहेर पडताना साहेबांनी बजावलं, "पुन्हा तुमचं नाव माझ्या टेबलावर आलं, तर एवढ्यावर भागणार नाही."

अंतिम सामन्याच्या दिवशी वर्षालीची गाडी द्रुतगती मार्ग सोडून वाकडला आली आणि बंद पडली. साहजिकच तिला आणायला मी गेलो. ती पुढच्या सीटवर बसली, चपला काढल्या आणि डोळे मिटून म्हणाली, "काका, आज चौथं उद्घाटन. सकाळपासून तीन दुकानांची मालकीण झालेय मी."

मी गिअर बदलला. माझ्या मनात तिच्याबद्दल बराच राग साठला होता आणि तो गाडी चालवताना काढणं धोक्याचं होतं.

"तुम्हाला राग येत असेल ना माझा?" तिनंच विचारलं.

"छे, छे."

"येत असणार. पण मी कुणाला सांगत नाही हो, की टीम माझी आहे म्हणून. मी नाही म्हटलं तरी लोकांना वाटतं विनय आहे. मालिकेतला बंगला आहे ना, तो पण लोकांना माझा वाटतो. बायका विचारतात, एवढं मोठं घर पुसता कधी? मी मीरा रोडला दोन मैत्रिणींबरोबर भाड्यानं राहते. आणि घरमालक मला वर्षालीताई म्हणत नाही, तिसऱ्या मजल्यावरची पोरगी म्हणतो." ती जरा थांबली. "तुमचं पूर्ण नाव काय? आज माइकवर मी सांगते. सगळ्यांसमोर."

"ज्ञानेश टेंभेकर."

"टेंभेकर. टेंभेकर. टेंभेकर." मोशीचा चौक येईपर्यंत ती संवाद पाठ करावा तसं माझं नाव घोकत होती. माझा राग कुठे गेला मला कळलं नाही. चाळीस वर्षांत माझं आडनाव कुणी इतक्यांदा प्रेमानं घेतलं नव्हतं.

सामना सुरू झाला. समोर टँकरवाले. आम्ही पुढे होतो. मी चक्क सोफ्यावर बसलो होतो, कारण वर्षालीनं मला हाताला धरून शेजारी बसवलं होतं, आणि इतर मालक मला तिचा अंगरक्षक समजून आदरानं बघत होते. मध्यंतराच्या जरा आधी धनेश चढाईला गेला. तिघांनी मिळून त्याला पकडलं आणि तो खांद्यावर आपटला. सगळे उठले, तो उठला नाही.

निवेदक ओरडला, "मालकांनी ताबडतोब मॅटवर यावं!"

सगळं मैदान वर्षालीकडे बघायला लागलं. ती बिचारी खरोखरच उठली आणि व्यासपीठाच्या पायऱ्यांकडे निघाली. तेवढ्यात तिच्यासोबत फोटो काढायला दोनेकशे माणसं पुढे सरकली आणि धनेशपर्यंत जायची वाटच बंद झाली. आण्णा धावत आले. "मॅडम, तुमी हलू नगा! बक्षीस तुमच्या हातनं हाय." मग त्यांनी माझा दंड धरला. "चला, मालक. गाडी काढा."

आण्णांनी मला मालक म्हटलं ते हे पहिल्यांदा. पण त्या वेळी मला त्याचं सुख वगैरे काही झालं नाही. मी धनेशच्या खांद्याकडे बघत होतो. उद्या याच हातानं प्रेस चालवायची होती त्याला. मी त्याला गाडीत घातलं आणि मोशीजवळच्या एका दवाखान्यात नेलं. वाटेत प्रत्येक गतिरोधकावर तो दात आवळून विचारत होता, "सर, स्कोर किती?"

खिडकीतल्या सिस्टरनं विचारलं, "तुम्ही कोण पेशंटचे?"

इतक्या दिवसांच्या सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "मी मालक."

सिस्टरनं चष्मा वर केला. "मालक? म्हणजे कामावर लागलंय याला? कुठली कंपनी? थांबा, मग आधी पोलिसांना कळवावं लागेल. तुमचं नाव सांगा."

माझ्या डोळ्यांसमोर चौकीतलं बाकडं उभं राहिलं. शेजारी तो संशयित. समोर साहेबांचं टेबल.

"नाही, नाही, नाही!" मी म्हणालो. "मालक नाही! कोण म्हणालं मालक? मी याचा... मोठा भाऊ. थोरला. खेळताना पडलाय तो."

"मग तसं सांगा की सरळ," सिस्टर म्हणाली आणि धनेशला आत नेलं.

डॉक्टरांनी खांदा बसवला. धनेशची किंकाळी बाहेरपर्यंत आली. पण हाड मोडलं नव्हतं. हात बांधून ठेवायचा आणि मग हळूहळू व्यायाम, असं डॉक्टर म्हणाले. मी आत गेलो तेव्हा तो पांढराफटक पडला होता, पण उजव्या हातात मोबाइल धरून, गर्दी हटवून उशिरा पुन्हा सुरू झालेला सामना थेट बघत होता. मी शेजारी टेकलो. शेवटच्या मिनिटाला आमच्या पोरांनी टँकरवाल्यांचा हुकमी चढाईपटू पकडला आणि आम्ही जिंकलो. धनेश एका हातानं टाळी वाजवायला बघत होता. मी माझा हात पुढे केला, त्यावर त्यानं वाजवली.

मग बक्षीस समारंभ. वर्षालीच्या हातात करंडक. तिनं माइक घेतला आणि मी मोबाइलचा आवाज पूर्ण वाढवला.

"मला एक सांगायचंय," मोबाइलच्या पडद्यावरून ती म्हणाली. "या संघाची मालक मी नाहीये. खरे मालक आहेत श्री. ज्ञानेश—"

आणि डीजे सुरू झाला. आतषबाजी झाली. कागदाचे तुकडे उडाले. तिचे ओठ हलताना मला स्पष्ट दिसत होते. ती माझं आडनाव घेत होती, दोनदा, तिसऱ्यांदा ओरडून. एक अक्षर ऐकू आलं नाही. त्या गोंगाटातही निवेदकाला मात्र तोंड उघडायला जागा सापडली: "बघा, आनंदानं मॅडमच्या तोंडून शब्द फुटत नाहीयेत!"

"सर," धनेश हळूच म्हणाला, "तुमचं नाव राहिलं."

"राहू दे रे," मी म्हणालो.

तेवढ्यात पडदा सारून एक बाई आत आल्या. धनेशच्या आई, शालनबाई. कुणीतरी फोन करून कळवलं होतं आणि त्या मेदनकरवाडीहून रिक्षानं तशाच आल्या होत्या, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. लेकाच्या तोंडावरून, बांधलेल्या हातावरून, पुन्हा तोंडावरून त्यांनी हात फिरवला. मागोमाग सिस्टर आली.

"घाबरू नका मावशी, बरा आहे. हे होते ना सोबत, याचा थोरला भाऊ."

शालनबाईंनी मान वळवली. "कोन थोरला? मला तर एकच लेकरू हाय."

सिस्टर माझ्याकडे बघायला लागली. धनेश छताकडे बघायला लागला. मी पोरांसाठी घेतलेल्या, गडबडीत गाडीतून सोबत आलेल्या केळ्यांच्या पिशवीकडे बघायला लागलो, कारण तेवढी एकच गोष्ट माझ्याविरुद्ध काही बोलणार नव्हती. आता पुन्हा तोच प्रश्न येणार. मालक म्हणायची सोय राहिली नव्हती आणि दुसरं मी कोण होतो, हे मलाच नीट ठाऊक नव्हतं.

शालनबाई माझ्या शर्टाकडे बघत होत्या. सकाळी तो पांढरा होता. आता खांद्यापासून पोटापर्यंत धनेशच्या घामाचा आणि मातीचा पट्टा उमटला होता, त्याला उचलला होता तिथे. मग त्यांनी पदरानं नाक पुसलं आणि सिस्टरला म्हणाल्या, "व्हय, हाय. थोरला हाय माझा. इसरलेच होते बगा, घाबरून."

सिस्टर गेली. मी "आई, तुमचे फार..." एवढं म्हणालो असेन, तर शालनबाई माझ्यावर एकदम कडाडल्या.

"आन् तू रे! एवढा मोठा घोडा झालास, कळत न्हाई का? धाकट्याला पाडापाडीत सोडून तू बसला होतास कुठं? सोफ्यावर? फोनवर समदं कळलंय मला. कामून सोडलंस त्याला? त्याच्या हाताला काय झालं असतं म्हंजी?"

"चुकलं, आई."

"चुकलं म्हनं! बस हितं. जेवलास का काही?"

मी बसलो. त्या बोलत होत्या आणि बोलता बोलता माझ्याच पिशवीतलं केळं सोलून माझ्या हातात देत होत्या. धनेशच्या मांडीवर मोबाइल तसाच चालू होता आणि त्यात चऱ्होली झुंजारच्या मालकीणबाईंसाठी अजून टाळ्या वाजत होत्या.